सिद्दी बायांची कवंदी

सिद्दी म्हटले की आमच्या वर्गातल्या मुलांना जंजिराच आठवतो. दोष मुलांचा नाही, आम्हीच तेवढे शिकवतो. पण आफ्रिकेतून आलेले सगळेच किल्लेदार झाले नाहीत. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी कित्येक जण पळाले आणि घाटावरच्या जंगलांत शिरले. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड हा उत्तर कन्नडचा मुलूख. 1956 पर्यंत तो मुंबई राज्यातच होता. तिथल्या सिद्दींची अनुसूचित जमातींत नोंद व्हायला मात्र 2003 साल उजाडले.

या लोकांची बखर नाही. त्यांच्या बायांनी शिवलेली कवंदी आहे. कवंदी म्हणजे आपली गोधडीच. जुन्या साड्या, लुंग्या, सदरे फाडून तुकडे करायचे. कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत यायचे. चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुले लावायची. फुले नसलेली कवंदी त्या उघडीनागडी मानतात! सिद्दींत मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत. कुणाच्या कवंदीवर चंद्रकोर दिसते, कुणाच्या क्रूस. टाका मात्र सगळ्यांचा तोच.

उर्दूच्या तासाला आम्ही ‘गुदडी का लाल’चा अर्थ सांगतो : गरिबाघरचा गुणी मुलगा. ती गुदडी शिवली कुणी, हे एकाही मुलाने विचारले नाही आणि आम्हालाही कधी सुचले नाही. घरी अम्मीची गोधडी आहे. तिच्यात कुणाचा कुर्ता आहे, कुणाची ओढणी, हे आम्ही परवा पहिल्यांदा विचारले.