वसतिगृहातील पंगत

साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेच्या दप्तरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. परंतु दप्तरातील नावाने वर्गातील जागा मिळत नाही, हे त्या मुलाला लवकरच कळून चुकले. बसायचे गोणपाट त्याने रोज घरून आणावे आणि संध्याकाळी गुंडाळून परत न्यावे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावावयाचा नाही. तहान लागली तर शिपाई येऊन तोटी सोडीपर्यंत त्याने ताटकळत राहावे, असा तेथील शिरस्ता होता. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी एक उदाहरण सोडविण्यासाठी त्याला फळ्यापाशी बोलाविले, तेव्हा फळ्यामागे डबे ठेवलेल्या मुलांनी एकच गिल्ला केला आणि त्याचा हात फळ्याला लागण्यापूर्वीच धावत जाऊन आपापले डबे बाजूस ओढले. त्या मुलाचे उदाहरण बरोबर येते की चूक, याची उत्सुकता त्या घटकेला वर्गात कोणालाही उरली नसावी.

या प्रसंगातील डबे मला फार महत्त्वाचे वाटतात. प्रवेशाचा हुकूम सरकार काढू शकते. सोबत्यांनी आपल्याला आपल्यात घ्यावे, ही गोष्ट मात्र त्या काळी अन्नाशी येऊन अडत असे. हायस्कुले मोठ्या गावी असत. खेड्यातला ब्राह्मणाचा गरीब मुलगा तेथे माधुकरी मागून किंवा सात घरी वार लावून आपली विद्या पुरी करी, आणि हे कष्ट काही थोडे नव्हते. पण कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाने वार लावावेत तरी कोणाकडे?

कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी हा पेच नेमका हेरला. राजाराम कॉलेजाला जोडून सर्व जातींसाठी निघालेले वसतिगृह वहिवाटीने एकाच जातीचे होऊन बसले, हे पाहिल्यावर त्यांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन केले. आणि मग जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी अशा एकेका समाजाचे वसतिगृह दरबारच्या आश्रयाने, जागेची व खर्चाची तरतूद होऊन, उभे राहत गेले. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेदच पोसला, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो. ज्या मुलाला गावात कोणी ओसरीवरही घेत नव्हते, त्याला प्रथम आपल्या माणसांची पंगत मिळाली, दिव्याखाली अभ्यासाला सोबती मिळाला, आणि त्या धीरावर तो वर्गात मान वर करून बसू लागला. तरी या आधाराची एक किंमत होती, हे मान्य केले पाहिजे: पंगतीत बसावयाचे तर पंगतीचे सोवळे पाळणे आले.

ही किंमत देण्यास ज्याने साफ नकार दिला, तो कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील, राजाराम हायस्कुलाचा विद्यार्थी आणि जैन बोर्डिंगातील रहिवासी. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभाला भाऊराव गेला आणि परत आल्यावर, स्नान करून शुद्ध झाल्याखेरीज भोजनगृहात पाऊल ठेवावयाचे नाही, असे त्याला बजावण्यात आले. त्याने स्नान केले नाही. बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे हे काही जुन्या वळणाचे गृहस्थ नव्हते; ते सुधारणेच्या चळवळीतले विद्वान पुरुष होते, शाहू महाराजांचे चरित्रही पुढे त्यांनीच लिहिले. पण संस्थेचा नियम सांभाळणाऱ्या भल्या माणसालाही नियमापलीकडचे दिसेनासे होते. भाऊरावाला बोर्डिंग सोडावे लागले. एक घागर पाणी अंगावर ओतून घेतले असते तर ताट, खोली आणि मित्र ही तिन्ही शाबूत राहिली असती, हे त्या मुलाला ठाऊक नसेल असे कसे म्हणावे?

भाऊराव मॅट्रिक झालेच नाहीत. मात्र १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलविले, म्हणजे ज्या गावात एका मुलाने गोणपाट वाहिले त्याच गावात. तेथील बोर्डिंगात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एका पंगतीला बसत. स्वयंपाकाला हात लावीत, भाकरी थापीत, एकमेकांची उष्टी काढीत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. कोठीत धान्य संपले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने एकामागून एक मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही विकले. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या माउलीने कोणाचे मूल हे न विचारता त्या मुलांना जेवू घातले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत अवघड पाऊल तिचे आहे. कारण तिला भाऊरावांसारखा बंडखोर स्वभाव उपजत लाभलेला नव्हता, आणि माहेरच्या संस्कारांशी झगडा तिने चुलीपाशी बसून, रोजच्या रोज, एकटीने केला.