मुखवट्याची वंशावळ

अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर ४ नोव्हेंबर १९९२ रोजी दाखवला गेलेला, 'बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज' या चित्रमालिकेतील 'बिवेअर द ग्रे घोस्ट' हा जेमतेम बावीस मिनिटांचा भाग वरकरणी बालकांच्या मनोरंजनार्थ रचलेला असला, तरी मुखवटाधारी नायकांच्या परंपरेचा इतिहास ज्याला जाणून घ्यावयाचा असेल त्याच्यापुढे मी प्रथम हाच भाग ठेवीन, कारण आपल्या पूर्वसूरींचे देणे या व्यवसायाने किती काळ थकवले, याची इतकी प्रांजळ कबुली त्याच व्यवसायातून निघालेली माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

कथानक साधे आहे. गॉथम नगरीत एकामागून एक इमारती स्फोटांनी उद्ध्वस्त होऊ लागतात, खंडणीची पत्रे येतात, आणि बॅटमॅनला जाणवते की, बालपणी पित्याच्या शेजारी बसून पाहिलेल्या 'ग्रे घोस्ट' या कृष्णधवल मालिकेतील एका भागाचीच ही हुबेहूब नक्कल आहे. पण त्या भागातील रहस्याचा उलगडा काही केल्या त्याला आठवत नाही, आणि मालिकेच्या फिती तर फार पूर्वी आगीत नष्ट झालेल्या. शोध घेता घेता तो सायमन ट्रेंट या वृद्ध नटाच्या दारी येतो. ग्रे घोस्टची भूमिका केल्यापासून ट्रेंटला दुसरे काम कोणी दिलेले नाही. घरभाडे चुकते करण्यासाठी त्याने आपला जुना पोशाखसुद्धा खेळण्यांच्या एका दुकानदाराला विकून टाकला आहे. या ट्रेंटला आवाज दिला आहे ॲडम वेस्ट यांनी, म्हणजे १९६६ सालच्या दूरचित्रवाणी मालिकेत स्वतः बॅटमॅन झालेल्या नटाने.

फिती जळून गेल्याचा तपशील लेखकांनी केवळ कथेच्या सोयीसाठी घातला, असे म्हणता येणार नाही. न्यू जर्सीतील लिटल फेरी येथे जुलै १९३७ मध्ये फॉक्स कंपनीच्या कोठाराला लागलेल्या आगीत त्या कंपनीच्या मूकपटांचा बहुतांश संग्रह भस्मसात झाला. नायट्रेटच्या फिती आपोआप पेट घेत आणि एकदा पेटल्या की विझवता येत नसत. दूरचित्रवाणीच्या आरंभीच्या वर्षांतील अगणित कार्यक्रम तर जतन करण्याजोगे आहेत असे कोणाला वाटलेच नाही.

आता वंशावळीकडे वळू. ग्रे घोस्टची रुंद काठाची टोपी आणि झगा पाहताच जाणत्याला 'शॅडो' आठवतो. १९३० मध्ये रेडिओवरील निवेदकाचा आवाज म्हणून जन्मलेल्या आणि पुढल्याच वर्षापासून वॉल्टर गिब्सन यांच्या लेखणीतून स्वस्त मासिकांच्या पानांवर अवतरलेल्या या गूढ पुरुषाचे ऋण बॅटमॅनवर अगदी दस्तऐवजी स्वरूपाचे आहे : मे १९३९ च्या 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात आलेली बॅटमॅनची पहिली कथा थिओडोर टिन्स्ली यांच्या १९३६ सालच्या एका शॅडोकथेवरून बेतलेली होती, आणि लेखक बिल फिंगर यांनी ही गोष्ट पुढे मोकळेपणाने मान्य केली. त्याच १९३६ साली ली फॉक यांचा फँटम वृत्तपत्रांत अवतरला, जो इंद्रजाल कॉमिक्समुळे आपल्याकडे वेताळ म्हणून घरोघर पोहोचला आणि ज्याच्या कथेत तर मुखवटा पित्याकडून पुत्राकडे वडिलोपार्जित वतनासारखा चालत येतो. फिंगर यांच्या नशिबी मात्र असे वतन नव्हते. बॅटमॅनचा जनक म्हणून करारनाम्याने एकट्या बॉब केन यांचे नाव छापले जाई. १९७४ मध्ये फिंगर निवर्तले, आणि त्यांचे नाव अधिकृतपणे केन यांच्या शेजारी येण्यास २०१५ साल उजाडले.

पडद्याने छापील पानाला काय दिले, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. कोलंबिया कंपनीने १९४३ मध्ये बॅटमॅनवर पंधरा खंडांचा साप्ताहिक चित्रपट काढला. आज तो पाहताना त्यातील जपानविरोधी युद्धकालीन प्रचार असह्य होतो. पण बॅटमॅनची भूमिगत गुहा आणि उभ्या घड्याळामागून तिच्यात शिरण्याची गुप्त वाट या दोन्ही गोष्टी प्रथम त्याच चित्रपटात दिसल्या, आणि तोवर स्थूल दाखवला जाणारा सेवक आल्फ्रेडही त्यातील नटाला अनुसरून चित्रकथेत सडपातळ झाला. म्हणजे ज्या गुहेवाचून बॅटमॅनची कल्पनाही करवत नाही, ती त्याला पडद्यावरील एका विस्मृत नटसंचाने दिली.

देणाऱ्यांचे पुढे काय झाले? १९५२ ते १९५८ या काळात सुपरमॅन झालेले जॉर्ज रीव्ह्ज यांना त्या प्रतिमेबाहेर काम मिळणे दुरापास्त झाले, आणि १९५९ च्या जून महिन्यात राहत्या घरी बंदुकीच्या गोळीने त्यांचा अंत झाला. क्लेटन मूर यांची हकीकत मला त्याहूनही अधिक अस्वस्थ करते. १९४९ पासून 'लोन रेंजर' म्हणून घोड्यावर बसलेला हा नट मालिका संपल्यावरही वर्षानुवर्षे तोच मुखवटा लावून गावोगावच्या मुलांना भेटत असे आणि त्या नायकाच्या सदाचरणास शोभेल असेच वर्तन ठेवीत असे. तरीही १९७९ मध्ये हक्कदारांनी नवा चित्रपट काढावयाचा म्हणून न्यायालयातून मनाई हुकूम आणवला आणि मूर यांना जाहीर कार्यक्रमांत मुखवटा घालण्यास बंदी झाली. ते काळा चष्मा लावून मुलांना भेटत राहिले. १९८४ मध्ये तो कज्जा मिटला आणि मुखवटा त्यांना परत मिळाला. कायद्याने मालकी कोणाची, याविषयी वाद नव्हता. पण जो अधिकार मूर यांनी तीस वर्षांच्या निष्ठेने मिळवला होता, त्याची नोंद कोणत्याही दफ्तरात नव्हती.

वेस्ट यांचा वनवास वेगळ्या प्रकारचा होता. १२ जानेवारी १९६६ ते १४ मार्च १९६८ या अवधीत त्यांच्या मालिकेचे १२० भाग झाले. भडक रंग, नाटकी संवाद, पहिल्या दिवशी नायकाला प्राणसंकटात सोडून दुसऱ्या दिवशी त्याची सुटका करण्याची जुन्या खंडचित्रपटांतली रीत, यांमुळे ती अमाप लोकप्रिय झाली आणि संपताच त्यांच्या गळ्यातला लोढणा झाली. पोट भरण्यासाठी त्यांना तोच पोशाख चढवून मोटारींच्या प्रदर्शनांत उभे राहावे लागले. पुढे बॅटमॅन गंभीर झाला, तेव्हा नव्या भक्तांना ती हसरी मालिका लाजिरवाणी वाटू लागली, आणि १९८९ च्या चित्रपटात वेस्ट यांना लहानशी भूमिकाही मिळाली नाही.

या पार्श्वभूमीवर त्या भागाची योजना पाहावी. वेस्ट यांच्या वास्तवातील विनोदी मालिकेची येथे नक्कल केलेली नाही. तिच्या जागी लेखकांनी त्यांना एक कल्पित भूतकाळ बहाल केला : छायाप्रकाशात न्हालेला, धीरगंभीर, शॅडोच्या घराण्यातला. थट्टेचा विषय झालेल्या नटाला असा प्रतिष्ठित पूर्वेतिहास देणे यात मला विलक्षण सौजन्य दिसते. आणि मग बॅटमॅन ट्रेंटला आपल्या गुहेत नेतो. तेथे ग्रे घोस्टच्या स्मरणवस्तूंचे जणू देवघर मांडलेले आहे. एवढेच कशाला, ती गुहाच ग्रे घोस्टच्या मालिकेतील अड्ड्याबरहुकूम उभारलेली आहे, हे ट्रेंटच्या ध्यानी येते, आणि आपले आयुष्य वाया गेले नाही अशी खूणगाठ तो वृद्ध प्रथमच बांधतो. १९४३ च्या त्या गुहेचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला या दृश्यातील सत्य किती अक्षरशः सत्य आहे ते उमगते. केव्हिन कॉनरॉय यांच्या बॅटमॅनच्या खर्जातल्या स्वरात त्या क्षणी जो मुलासारखा आदर उमटतो, तो ऐकण्यासाठी मी हा भाग पुनःपुन्हा पाहतो.

अपराधी कोण निघतो, हेही लक्षणीय आहे. ट्रेंटचा पोशाख विकत घेणारा खेळण्यांचा दुकानदारच आपला शौक पुरवण्यासाठी विजेऱ्यांवर धावणाऱ्या छोट्या मोटारींतून स्फोटके पाठवत असतो. आणि त्याचा चेहरा मालिकेचे एक निर्माते ब्रूस टिम यांच्यावरून काढलेला, आवाजही त्यांचाच. एकाच जुन्या मालिकेचे दोन बालप्रेक्षक, एकाने तिच्यातून कर्तव्य उचलले आणि दुसऱ्याने केवळ संग्रहाची हाव. त्यांतील दुसऱ्याला स्वतःचे रूप देण्याचा निर्मळपणा टिम यांनी दाखवला, याचे मोल मोठे आहे.

कथेच्या शेवटी ग्रे घोस्टची मालिका चित्रफितींवर पुन्हा बाजारात येते, ट्रेंटभोवती स्वाक्षरीसाठी गर्दी लोटते. वास्तवात वेस्ट यांच्या मालिकेचे हक्क निरनिराळ्या कंपन्यांत विभागले गेल्यामुळे ती विक्रीस आणणे दीर्घकाळ अडून राहिले होते. तो गुंता सुटून नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्व १२० भाग एकत्र प्रसिद्ध झाले, तेव्हा वेस्ट ८६ वर्षांचे होते, आणि ट्रेंटला कथेत जे लाभले ते त्यांच्या पदरी पडण्यास २२ वर्षे लागली होती.