टॉन्सिल व ॲडिनॉइड शस्त्रक्रिया, बालकांची (एकदिवसीय)

घशाच्या दोन्ही बाजूंच्या गाठी (टॉन्सिल) आणि नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर दडलेली ॲडिनॉइड ग्रंथी काढून मुलाला त्याच संध्याकाळी घरी पाठवण्याची पद्धत. ती नवी नाही. ग्लासगोच्या बालरुग्णालयात जेम्स निकोल यांनी १८९९ ते १९०८ या काळात सुमारे ९,००० लहानमोठ्या शस्त्रक्रिया करून मुलांना खाटेवर न ठेवता आईच्या स्वाधीन केले होते. गाठी नुसत्या मोठ्या दिसतात म्हणून त्या काढत नाहीत; वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरसाल पाच वेळा घसा धरणे, अथवा तोंड उघडे टाकून घोरताना श्वास अडणे, ही खरी कारणे होत.

मुख्य धोका रक्तस्रावाचा. पंधरा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात जेमतेम सव्वा लिटर रक्त असते, त्यामुळे वाटीभर रक्त गेले तरी ते थोडे नव्हे. शिवाय मूल ते थुंकत नाही, गिळते, म्हणून झोपलेले मूल वारंवार आवंढे गिळू लागले तर परिचारिकेला टॉर्च घेऊन घसा पाहावाच लागतो. असा स्राव बहुधा पहिल्या सहा-आठ तासांत होतो. त्यामुळे शस्त्रक्रिया सकाळी उरकून मुलाला दुपारभर नजरेखाली ठेवतात. तीन वर्षांखालील किंवा झोपेत श्वास फार अडणाऱ्या मुलांना मात्र रात्रभर ठेवणेच योग्य.

कोल्हापुरात अडचण शस्त्रक्रियेपेक्षा परतीच्या वाटेची आहे. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात (सीपीआर) कोकण व सीमाभागातूनही रुग्ण येतात. गगनबावडा ५५ किलोमीटरवर, तर चंदगड शंभराहून दूर, आणि पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी चढले की २०१९ व २०२१ प्रमाणे महामार्गही बंद पडतो. रुग्णालयापासून तासाभराच्या आत घर असावे, या सर्वमान्य नियमात अशी गावे बसत नाहीत. त्यांच्यासाठी शहरातल्या पै-पाहुण्यांकडे एक मुक्काम हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

घरी गेल्यावर मऊ भात, पेज, आइस्क्रीम चालते; तांबडा रस्सा वर्ज्य, आणि रंगाने सौम्य दिसणारा पांढराही. जखमेवर येणारा पांढरा थर पू नसतो. तो पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास सुटताना पुन्हा रक्त येऊ शकते. ताजे लाल रक्त दिसल्यास, प्रमाण कितीही कमी असो, मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.