जांभूळ आणि नागपूरची मार्गप्रतवारी

रस्त्याची प्रत त्याच्या कार्यावरून ठरवावी, हें तत्त्व धरून १९४३ सालीं नागपुरास भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेनें रस्त्यांचे पांच वर्ग केले: राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे मुख्य, जिल्ह्याचे इतर व ग्रामीण. प्रांतिकांसच पुढें राज्यमार्ग म्हणूं लागले. ही वांटणी केवळ नांवांची नाहीं. रस्ता कोणीं राखावा व खर्च कोणीं सोसावा, याचा निर्णय वर्गास अनुसरून होतो. अंबरनाथ तालुक्यांतील जांभूळ गांवीं आज बारवी धरणाचें पाणी शुद्ध करणारें केंद्र असून तें पाणी आसपासच्या नगरांस व कारखान्यांस जातें. अशा स्थळाचा रस्ता केवळ गांवकऱ्यांचा राहत नाहीं. नगराचें कामही त्यावरून चालतें. सबब, कार्य पालटलें असतां वर्गही पालटावा, हेंच नागपूरच्या तत्त्वाचें फलित होय.