आजोबा डोंगर

आजोबा डोंगर (आजा पर्वत) : सह्याद्रीच्या मुख्य रांगेतील एक पूज्य डोंगर आणि त्याच्या कुशीतला वाल्मीकी आश्रम. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पूर्वेला, अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या सीमेवर हा डोंगर उभा आहे. उंची सुमारे 1,375 मीटर. पायथ्याला डेहणे गाव, उत्तरेला रतनगड, तर घाटमाथ्यावर कुमशेत.

मध्य रेल्वेच्या आसनगाव स्थानकावर उतरून शहापूर, डोळखांब, साकुर्लीमार्गे डेहणे गाठता येते. डोळखांब हे आसपासच्या गावपाड्यांचे मोठे गाव. खरेदी, शाळा, दवाखाना अशा कामांसाठी लोक इथेच येतात. डोळखांब मागे पडले की भातखाचरे आणि मोहाची झाडे सुरू होतात आणि समोर कड्यांची सलग भिंत दिसू लागते. रस्ता जसा पुढे सरकतो तशी ही भिंत अंगावर येते. सह्याद्रीतल्या सर्वांत उंच सरळसोट कड्यांमध्ये आजोबाच्या कोकणाकडील कड्याची गणना होते आणि प्रस्तरारोहकांना तो फार दिवसांपासून ठाऊक आहे.

लोकश्रद्धा अशी : रामाने त्याग केल्यावर सीता इथे वाल्मीकींच्या आश्रयाला आली, लव-कुश इथेच जन्मले आणि ती मुले ऋषींना आजोबा म्हणत, म्हणून डोंगराचे नावही तेच पडले. वाल्मीकींचा आश्रम आपल्याकडे होता असे सांगणारी गावे देशात पुष्कळ आहेत. गंगाकाठचे बिठूर त्यांत सर्वांत प्रसिद्ध. महाराष्ट्रातही पुरंदर तालुक्यातल्या वाल्हे गावी ऋषींची समाधी मानली जाते. रामायणातला आश्रम गंगा-तमसेच्या परिसरातला आहे, हे इथल्या जाणत्या माणसांनाही माहीत असते. पण या वादात शिरण्याचे कारण नाही. आपल्या डोक्यावरच्या कड्याला नात्याने हाक मारणारी माणसे त्या डोंगराशी कशी वागतात, हे पाहण्यासारखे आहे.

आश्रम डोंगराच्या निम्म्या उंचीवर, दाट झाडीत आहे. डेहण्याकडून येणारी वाट आधी उघड्या माळावरून जाते आणि मग एकाएकी सावलीत शिरते. इथली झाडी आसपासच्या रानापेक्षा जुनी आणि भरघोस, कारण देवाच्या रानात कुऱ्हाड चालवायची नाही हा महाराष्ट्रातल्या देवरायांचा सर्वसाधारण रिवाज. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात राज्यातल्या देवरायांच्या शास्त्रीय नोंदी केल्या, तेव्हा उजाड डोंगरांमध्ये हिरवे राहिलेले तुकडे बहुधा कुठल्यातरी देवाच्या नावाचे आहेत, हे ठळकपणे पुढे आले. आजोबाच्या रानाची ताकद याच रिवाजात आहे.

आश्रमाजवळ पाण्याचा झरा आहे आणि वाल्मीकींची म्हणून पुजली जाणारी समाधी आहे. वास्तू साधी आहे. कोरीवकाम, शिखर, गोपुर यांच्या शोधात आलेल्याची निराशा होईल. इथे मोठे आहे ते रान आणि त्यामागचा कडा.

आश्रमामागून दगडधोंड्यांनी भरलेली घळ चढत कड्याच्या पोटाशी गेले की ‘सीतेचा पाळणा’ लागतो. ही कातळातली गुहा. आत दगडात कोरलेल्या लहानशा पादुका आहेत. त्या लव-कुशांच्या मानतात. जवळच पाण्याचे टाके आहे. गुहेत जाण्यासाठी शिडीचा आधार घ्यावा लागतो. पादुकांवर गुलाल-फुले वाहिलेली दिसतात आणि पाठीमागे कोकण थेट खाली पसरलेले असते. या जागी पाळण्याची कल्पना कशी सुचली असेल, ते तिथे उभे राहिल्यावर कळते.

या मुलुखात महादेव कोळी, ठाकूर, कातकरी आणि वारली समाजाची वस्ती आहे. त्यांचे देव बहुतेक उघड्यावर, झाडाखाली किंवा शिवेवर असतात. वाघदेव हे त्याचे नमुनेदार उदाहरण. दगडाच्या किंवा लाकडाच्या उभ्या फळीवर वाघ, वर चंद्र-सूर्य कोरलेले आणि सगळ्यावर शेंदूर. आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारशीला, गुराखी या देवाजवळ जमतात, नैवेद्य करतात आणि गुरांचे रक्षण मागतात. वाल्मीकींची पुराणकथा आणि ही शिवेवरची पूजा इथे शेजारी शेजारी नांदतात.

डोंगरालाच देव मानण्याची रीत जपानच्या शिंतो धर्मात आजही जिवंत आहे. नारा प्रांतातल्या ओमिवा देवस्थानात मूर्तीचा गाभारा नाहीच. भाविक तोरणातून मागच्या 467 मीटर उंच मिवा डोंगराला हात जोडतात. डोंगर चढायचा तर आधी नोंद करावी लागते, वर छायाचित्रे काढता येत नाहीत आणि खाता येत नाही. इसे येथील मोठ्या देवस्थानात भाविक इसुझू नदीत हात धुऊन पुढे जातात. तिथली मुख्य मंदिरे दर 20 वर्षांनी नव्याने बांधली जातात. अलीकडची बांधणी 2013 साली पूर्ण झाली. आजोबाला असे लेखी नियम नाहीत. जे आहे ते गावच्या संकोचावर आणि येणाऱ्याच्या समजुतीवर टिकून आहे, म्हणून ते अधिक नाजूक आहे.

परिसरात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. साम्रदहून सुरू होणारी सांदण दरी उतरून आलेले भटके डेहण्यालाच बाहेर पडतात. शहापूरजवळ माहुलीचा किल्ला आहे. शेजारच्या मुरबाड तालुक्यात म्हसा इथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. ती बैलबाजारासाठी नावाजलेली.

शहापूर तालुक्यातल्या तानसा (1892) आणि भातसा या तलावांचे पाणी मुंबईला जाते, आणि याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्यामुळे पाहुण्याने आपले पाणी आपणच न्यावे आणि झऱ्यात साबण वापरू नये किंवा भांडी धुऊ नयेत.

जाण्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात घळीतून पाणी आणि दगड येतात, तेव्हा पाळण्याच्या वाटेला जाऊ नये. डेहण्यातला वाटाड्या सोबत घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा, आश्रमात पादत्राणे बाहेर काढावीत आणि सोबत नेलेले प्लॅस्टिक डोळखांबपर्यंत परत आणावे.