मॅगझिन : बंदुकीतले आणि पुलगावचे

वर्धा जिल्हा म्हटले की डोळ्यांसमोर सेवाग्राम येते. १९३६ साली गांधीजी सेगावला राहायला आले आणि या कोरडवाहू, कापूसपिकाच्या मुलखाचे नाव जगभर गेले. पण याच जिल्ह्यात, वर्ध्यापासून तीसएक किलोमीटरवर, पुलगाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे दारूगोळ्याचे मोठे कोठार उभे राहिले आणि पुढे ते भारतीय सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार झाले. चरखा आणि काडतूस एकाच जिल्ह्यात नांदतात. मी इतिहासाचा वाचक म्हणून वर्ध्याकडे पाहतो तेव्हा ही जोडी मला नेहमी विचारात पाडते.

आज मला बोलायचे आहे ते मात्र एका शब्दाविषयी आणि एका पत्र्याच्या पेटीविषयी. शब्द आहे 'मॅगझिन'. साप्ताहिक-मासिकालाही आपण मॅगझिन म्हणतो आणि बंदुकीला खालून किंवा बाजूने लावायच्या काडतुसांच्या पेटीलाही. मूळ अरबी शब्द 'मखझन', म्हणजे साठवण्याची जागा. आपला 'खजिना' त्याच कुळातला. दारूगोळ्याच्या कोठारालाही इंग्रज मॅगझिनच म्हणत. ११ मे १८५७ रोजी दिल्लीत इंग्रज अधिकाऱ्यांनी शिपायांच्या हाती पडू नये म्हणून उडवून दिले ते असेच मॅगझिन. या अर्थाने पुलगाव हे मोठे मॅगझिन आणि स्टेनगनची पेटी हे लहान मॅगझिन. दोघांचे काम एकच : काडतूस सुरक्षित ठेवायचे आणि वेळ येताच पुढे करायचे.

आता लहान मॅगझिनची गोष्ट. १९४० साली डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्याने ढीगभर शस्त्रे मागे टाकली. स्वस्त आणि झटपट बनेल अशी बंदूक हवी होती. शेफर्ड आणि टर्पिन या दोघांनी १९४१ मध्ये ती आखली. त्यांच्या नावांची आद्याक्षरे आणि एनफिल्डची पहिली दोन अक्षरे मिळून 'स्टेन' हे नाव झाले. नळ्या, पत्रा आणि थोडे वेल्डिंग एवढ्यावर ती तयार होई, खर्च दोन-तीन पौंड. अशा सुमारे चाळीस लाख स्टेनगन निघाल्या. भारतीय सैन्यानेही ती वापरली, पोलिसांकडेही ती आली. मराठी वर्तमानपत्रांत तर 'स्टेनगन' हा शब्द इतका रुळला की कोणत्याही आखूड स्वयंचलित बंदुकीला लोक तेच नाव देऊ लागले.

या बंदुकीची बदनामी झाली ती अडकण्यामुळे. २७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये नाझी अधिकारी हायड्रिखच्या मोटारीसमोर गाबचिक हा तरुण स्टेनगन घेऊन उभा राहिला आणि ऐन वेळी ती चाललीच नाही. त्याचा साथीदार कुबिश याने बॉम्ब टाकला म्हणून काम झाले; हायड्रिख ४ जूनला मेला.

स्टेनगन का अडकत असे? नळी, घोडा, स्प्रिंग यांच्याकडे पहिले बोट जाते. पण खरा गुन्हेगार बहुधा मॅगझिन असे. त्यात ९ मिलिमीटरची ३२ काडतुसे दोन रांगांत बसत. वर तोंडाशी मात्र दोन रांगांची एक रांग करून एकेक काडतूस पुढे द्यायचे. ही रचना जर्मन बंदुकांवरून घेतलेली होती. हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाड्या दोन रांगांनी आल्या आणि फाटकातून एकच गाडी जाऊ शकत असेल, तर काय होते ते आपल्याला सांगायला नको. दोन गाड्या एकमेकींना घासतात आणि सारा रस्ता तुंबतो. इथेही तसेच होई. अरुंद तोंडाशी थोडी धूळ किंवा चिखल साचला की काडतूस वर सरकत नसे. तोंडाच्या दोन्ही बाजूंना दुमडलेले पत्र्याचे ओठ काडतूस धरून ठेवत. पेटी दगडावर पडून ते ओठ जरासे वाकले, तरी काडतुसाचा कोन बदले आणि ते नळीत न शिरता तिच्या काठावर आदळे.

मग जवानांनी आणि शस्त्र दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी, म्हणजे आर्मररनी, आपल्यापुरते उपाय शोधले. पहिला उपाय फार साधा होता. ३२ ऐवजी २८ किंवा ३० काडतुसेच भरायची, म्हणजे स्प्रिंगवर ताण कमी. दुसरा उपाय धरण्याचा. स्टेनचे मॅगझिन डाव्या बाजूला आडवे असते आणि हात आपसूक त्यालाच मुठीत धरतो. पण त्या ओढीने मॅगझिन खाचेत हलते, खाच झिजते आणि काडतुसाची वाट चुकते. म्हणून शिक्षक बजावत, मॅगझिन धरू नका, नळीवरचे आवरण धरा. तिसरा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो केवळ बंदुकीपुरता नाही. बंदूक अडकली तर आधी तिला दोष देऊ नका. मॅगझिन बदलून पाहा. दोष मॅगझिनबरोबर दुसऱ्या बंदुकीत गेला, तर मॅगझिन वाईट. तो बंदुकीतच राहिला, तर खाच किंवा आतला भाग तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यातला नियम. डॉक्टर असो की पंप दुरुस्त करणारा मिस्त्री, चांगला माणूस याच वाटेने जातो.

या पेटीवर काय अवलंबून असते, ते एका मराठी माणसाच्या गोष्टीतून कळते. आताच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातला यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. तो एकटा सोडून तुकडीतले सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे धावत गेला, हातबॉम्ब टाकून त्याने मशीनगन बंद पाडली आणि टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन संपले होते, नवे लावायला वेळ नव्हता. मग त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने मारले. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपले. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टॉमीगनचे मॅगझिन स्टेनपेक्षा भरवशाचे मानले जाई. घाडगेंच्या बाबतीत ते अडकले नव्हते, रिकामे झाले होते. पण मॅगझिन बदलायला लागणारे चार-पाच सेकंदही रणांगणात कधी कधी मिळत नाहीत, हे त्या घटनेने दाखवून दिले. अडकलेले मॅगझिन तर याहूनही वाईट. पेटी भरलेली आणि बंदूक गप्प!

स्टेनच्या या चुकीतून शहाणपण आले. इंग्लंडमध्ये जॉर्ज पॅचेट यांनी 'स्टर्लिंग' बंदूक आखली; ब्रिटिश सैन्याने ती १९५३ मध्ये स्वीकारली. तिच्या वाकड्या मॅगझिनमध्ये ३४ काडतुसे बसतात. काडतुसे वर ढकलणाऱ्या तबकडीला रूळ लावले आणि दोन रांगांची एक रांग करण्याची भानगडच काढून टाकली. आपल्याकडे तीच 'कार्बाइन १ए१' म्हणून कानपूरच्या कारखान्यात बनली आणि सैन्य-पोलिसांच्या खांद्यावर दशकानुदशके दिसली. माझ्या मते या सुधारणेचे श्रेय त्या अनाम आर्मररनाही जाते, ज्यांनी पेटी कुठे अडते ते वर्षानुवर्षे टिपून ठेवले. तक्रार नेमकी असली की दुरुस्ती नेमकी होते.

आता मोठ्या मॅगझिनकडे परत येऊ. कोठारातही नियम तोच : साठवलेली वस्तू स्वतःहून बदलते. धातू गंजतो, स्फोटक पाझरते, स्प्रिंगची ताकद जाते. ३१ मे २०१६ च्या पहाटेआधी पुलगावच्या भांडारात आग लागून स्फोट झाले. दोन अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक जण, त्यांत आगीशी झुंजणारे जवान, प्राणांस मुकले. जुन्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक पाझरत होते, हे नंतर समोर आले. त्यानंतर २० नोव्हेंबर २०१८ रोजी जवळच्या सोनेगाव परिसरात जुना दारूगोळा निकामी करताना पुन्हा स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते.

लहान मॅगझिनमधला बिघाड एका जवानाच्या जिवावर बेततो, मोठ्या मॅगझिनमधला शेजारच्या गावांच्याही. पण दोन्ही ठिकाणी शहाणपण एकच सांगते. वस्तू नवी असताना ती किती चांगली होती, यापेक्षा आज तिची अवस्था काय आहे ते पाहावे. क्षमतेइतके ठासून भरू नये. आणि दोष नेमका कुठे आहे ते शोधून, सांगून, लिहून ठेवावे. सेवाग्रामच्या शेजारी राहणाऱ्या आपण वर्धेकरांना शस्त्रांची आवड असण्याचे कारण नाही. पण जे शस्त्र आपल्या दारात साठवले जाते, त्याची निगा कशी राखली जाते हे विचारण्याचा हक्क आपल्याला नक्की आहे. आणि तो प्रश्न सतत विचारत राहणे, हीच त्या मजुरांची आणि जवानांची खरी आठवण.