उंबरठ्यावरची मोजणी

साऱ्या वस्तीत रोग कोठून येतो, कोणाला गाठतो आणि कशाने थोपवता येतो याचा शोध घेऊन उभारलेल्या व्यवस्थेला सार्वजनिक आरोग्य म्हणतात, आणि या शोधासाठी कोणाला तरी लोकांच्या घराचा उंबरठा ओलांडावाच लागतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याचा आरोग्यविषयक इतिहास चाळताना हा उंबरठा कोणी आणि कोणत्या अधिकाराने ओलांडला, हा प्रश्न सतत समोर येतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि काही महिन्यांतच तो पुण्यात पोचला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. त्यान्वये प्रवाशांची तपासणी करण्याचे आणि संशयितांना वेगळे ठेवण्याचे जवळजवळ अमर्याद अधिकार प्रशासनाला मिळाले. पुण्यातील प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरझडतीसाठी गोऱ्या सोजिरांना नेमले आणि ते माजघरात, देवघरात शिरू लागले तसा रोगापेक्षा झडतीचाच धाक शहराला अधिक वाटू लागला. तोवर मोरया गोसावींच्या समाधीसाठी ओळखल्या जाणाऱ्या चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि पुढील दोन वर्षांत दामोदर, बाळकृष्ण व वासुदेव हे तिघेही भाऊ फासावर गेले. ही घटना स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात नोंदली जाते ते योग्यच आहे, परंतु आरोग्याच्या इतिहासातही तिला जागा हवी. प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकाने १८९८ मध्ये दाखविले. म्हणजे झडत्या चालू होत्या तेव्हा झडती घेणाऱ्यांना नेमके काय शोधायचे हेच पुरते ठाऊक नव्हते.

स्वातंत्र्यानंतर या परिसराचे आरोग्याशी नाते जुळले ते कारखान्याच्या वाटेने. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील देशातील पहिला औषध कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ही प्रक्रिया किण्वनाची, म्हणजे मोठ्या बंद टाक्यांत पोषक द्रवावर बुरशी वाढवून तिने सोडलेले औषधी द्रव्य वेगळे काढण्याची असते. येथील प्रयोगशाळेत पुढे हॅमायसिन हे बुरशीनाशक प्रतिजैविकही सापडले, आणि त्याच्या नावात कारखान्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे अजून टिकून आहेत. हाफकिन संस्थेचे घोडेही पिंपरीतच पाळले जात. त्यांच्या रक्तातून सर्पविषावरील उतारा बनतो.

औषध येथे बनत होते, पण ते बनविणाऱ्या वस्तीचे आरोग्य पाहणारी यंत्रणा मागाहून आली. नगरपालिका १९७० मध्ये आणि महानगरपालिका १९८२ मध्ये स्थापन झाली. १९९१ मध्ये सुमारे पाच लाख असलेली लोकसंख्या २०११ पर्यंत सतरा लाखांवर गेली. कामगार राज्य विमा योजनेखाली चिंचवडच्या मोहननगरात रुग्णालय उभे राहिले, मात्र या योजनेचा लाभ नोंदलेल्या कामगाराला मिळतो, आणि मस्टरवर नाव नसलेल्याची आरोग्यनोंदही सहसा कोठे नसते.

१९९२ मध्ये भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. पुण्यातील गुप्तरोग उपचार केंद्रांत येणाऱ्या स्त्रियांचा संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देहविक्रय न करणाऱ्या आणि बहुतांशी केवळ पतीशीच संबंध असलेल्या स्त्रियांमध्येही एचआयव्हीचा संसर्ग आढळला. त्यामुळे या रोगाचा विचार ‘जोखमीच्या गटां’पुरता ठेवणे अशक्य झाले.

उंबरठा ओलांडण्याची निराळी रीत मात्र चाकणच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे घडली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात तेथील ग्रामीण आरोग्याचे काम हाती घेतले आणि गावातल्याच व्यक्तींना प्रशिक्षण देऊन आरोग्य कार्यकर्ते बनविले. या सेवाकार्यासाठी त्यांना १९९३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घरात येणारी व्यक्ती ओळखीची, गावातली आणि पुन्हा येणारी असली की दार आपोआप उघडते, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते. याच पायावर २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतील २२ गावांत लोकसंख्या व आरोग्य यांची सातत्याने निगराणी सुरू झाली. म्हणजे प्रत्येक घरी ठरावीक काळाने जाऊन जन्म, मृत्यू, विवाह व स्थलांतर यांची नोंद ठेवायची, जेणेकरून एखाद्या वर्षाच्या पाहणीत न दिसणारे बदलही दिसू लागतात. रोटाव्हॅक या अतिसारप्रतिबंधक भारतीय लशीच्या अंतिम टप्प्यातील चाचणीसाठी देशात जी तीन केंद्रे निवडली गेली, त्यांत वढू हे एक होते. ज्या जिल्ह्यात पणजोबांच्या पिढीने झडतीच्या भीतीने आजारी माणसे लपविली, त्याच जिल्ह्यातील आयांनी आपली तान्ही मुले लशीच्या चाचणीसाठी पुढे केली, हे अंतर मोठे आहे.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने करोनासाठी तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू केला. १५ सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथके तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरू लागली. या वेळी सोजिरांच्या जागी प्रामुख्याने आशा सेविका होत्या. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी अशा चाकणभोवतालच्या गावांत मात्र मोजणीची अडचण वेगळीच असते. तेथील भाड्याच्या खोलीत चार-सहा जण पाळीपाळीने राहतात, कारखाना बदलला की खोली बदलतात, आणि आशा सेविका येते त्या दुपारी बहुतेक दारांना कुलूप असते.